जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलंय? एक्झॉस्ट हेडर कसा बसवायचा, कसा फिनिश करायचा – संपूर्ण माहिती

जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर, उघडं बोनेट आणि आत निळसर-सोनेरी झाक मारणारे वळणदार पाइप. अशी रील तुम्ही एकदा तरी पाहिलीच असेल. ते पाइप म्हणजे एक्झॉस्ट हेडर. रीलमध्ये तो तीस सेकंदांत बसतो. प्रत्यक्षात मात्र हेच काम चुकलं तर पेट्रोलचा पाइप वितळतो, केबिनमध्ये विषारी वायू शिरतो किंवा गाडी आरटीओमध्ये अडकते. म्हणून मापापासून रंगापर्यंत सगळं क्रमाने समजून घेऊया. नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा या कामात कुठे आडवा येतो, तेही पाहू.

## हेडर म्हणजे नेमकं काय?

इंजिनच्या हेडमधून जळलेला वायू बाहेर पडतो. कंपनीच्या गाडीत तो आधी बिडाच्या एका जाड तुकड्यात शिरतो, त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. बीड स्वस्त, टिकाऊ आणि आवाज दाबणारं असतं. पण त्यातले रस्ते आखूड असतात आणि एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येतो.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब पाइप मिळतो आणि हे पाइप पुढे जाऊन एकत्र येतात. जिथे एकत्र येतात त्या भागाला कलेक्टर म्हणतात. एका सिलिंडरचा वायू वेगाने पुढे गेला की मागे कमी दाब तयार होतो आणि पुढच्या सिलिंडरचा वायू ओढला जातो. हेडरचा सगळा फायदा यातूनच येतो.

चार सिलिंडरच्या इंजिनला दोन प्रकार चालतात:

- ४-१: चारही पाइप थेट एका कलेक्टरमध्ये. जास्त आरपीएमवर चांगला.
- ४-२-१: आधी दोन-दोन पाइप जोडायचे, मग त्या दोघांचा एक. शहरात, कमी-मध्यम आरपीएमवर चांगला. इंजिनची फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल तर १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी.

रोज सिव्हिल लाइन्स ते सीताबर्डी चालवायची गाडी असेल तर ४-२-१ घ्या. आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या: १.२ लिटरच्या इंजिनला नुसता हेडर लावून गाडी रॉकेट होत नाही. कार्ब्युरेटरचं सेटिंग आणि सायलेन्सर जुळले तरच फरक जाणवतो.

## इंजिन बदललेली गाडी: कंपन्यांनीही केलंय

इंजिन स्वॅप म्हणजे फक्त गॅरेजमधला जुगाड, असं वाटत असेल तर थांबा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये ११८एनई ही गाडी आणली. बॉडी फियाट १२४ च्या घराण्यातली आणि आत निसानचं ए१२ इंजिन, ११७१ सीसीचं. नावातलं 'एनई' म्हणजेच निसान इंजिन. अँबेसेडरमध्ये अनेक वर्षं ब्रिटिश बीएमसी घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. १९९२ मध्ये तिला इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन मिळालं.

म्हणूनच जुन्या पद्मिनीत ११८एनईचं इंजिन किंवा जुन्या अँबेसेडरमध्ये इसुझू इंजिन बसवायचा विचार लोकांच्या मनात येतो. पण कंपनीने ते करताना माउंटिंग, स्टिअरिंग, एक्झॉस्ट सगळं नव्याने मांडलं होतं आणि गाडीला मंजुरी घेतली होती. गॅरेजमध्ये हेच सगळं आपल्यावर येतं.

इंजिनाप्रमाणे हेडर कसा बदलतो याचं एक चांगलं उदाहरण बघा. अँबेसेडरच्या जुन्या बीएमसी इंजिनला सिलिंडर चार, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच! मधल्या २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरचं तोंड एकच असतं. त्यामुळे ऑनलाइन दिसणारा चार पाइपांचा 'युनिव्हर्सल' हेडर त्याला बसूच शकत नाही. तीन पाइपांचाच लागतो. शिवाय या इंजिनमध्ये आणि निसान ए१२ मध्येही कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उन्हाळ्याच्या भागात लागणार आहे.

## पैसे खर्च करण्याआधी कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात महाग चूक इथेच होते.

- मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं.
- इंजिन नंबर आरसीवर असतो. त्यामुळे इंजिन बदलण्याआधी आरटीओला विचारा, नंतर नाही. वेगळ्या कंपनीचं इंजिन असेल तर मंजुरी मिळणं अवघड असतं. नागपूर शहरासाठी एमएच-३१, पूर्व नागपूरसाठी एमएच-४९ आणि ग्रामीणसाठी एमएच-४०. ज्या कार्यालयात गाडीची नोंद आहे तिथेच जा.
- परवानगी नसलेल्या फेरफारासाठी कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.
- सायलेन्सर काढून नुसता हेडर ठेवून फिरणं चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० नुसार सायलेन्सर सक्तीचा आहे. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर अजून एक विचार करा. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते. चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये फेरफार चालत नाही. म्हणजे स्वॅप केलात की हा दरवाजा बंद.

यातून एक साधा नियम निघतो: मूळ मॅनिफोल्ड आणि मूळ इंजिन भंगारात देऊ नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. उद्या गाडी मूळ रूपात आणायची ठरलं तर हे तुकडे शोधत फिरावं लागेल. परवानगी नसलेली गाडी रस्त्यावर न आणता खासगी जागेत किंवा प्रदर्शनापुरती ठेवणं हाच सुरक्षित मार्ग.

## पहिली पायरी: मापं

इंजिन कायमच्या माउंटिंगवर बसल्याशिवाय हेडरचं माप घेऊ नका. विटांवर टेकवलेल्या इंजिनचं माप घेतलं आणि नंतर इंजिन १० मिमी खाली बसलं, की सगळं काम वाया.

१. नवीन इंजिनचं एक्झॉस्ट पॅकिंग विकत घ्या. तेच फ्लँजचा साचा आहे. पॅकिंग कागदावर ठेवून आखा, स्टडची भोकं अचूक मारा.

२. फ्लँज ८ ते १० मिमी जाड माइल्ड स्टीलची ठेवा. पातळ पट्टी वेल्डिंगच्या उष्णतेने केळ्यासारखी वाकते. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीच्या बाजूला लेझर कटिंग करून घेतलं तर भोकं नेमकी येतात.

३. आता वाटेतले अडथळे लिहून काढा: स्टिअरिंग कॉलम, स्टार्टर मोटर, ब्रेकची नळी, क्लचची केबल, पेट्रोलचा पाइप, वायरिंग, ऑइल फिल्टर. उजव्या हाताच्या गाडीत एक्झॉस्ट उजवीकडे आलं तर स्टिअरिंगशी हमखास भांडण होतं.

४. धातूच्या भागांपासून किमान २५ मिमी, रबर आणि वायरिंगपासून किमान ५० मिमी अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर मध्ये पत्र्याची हीट शील्ड हवी.

५. इंजिन रबर माउंटिंगवर हलतं हे विसरू नका. सहकाऱ्याला गाडी चालू करून रेस द्यायला सांगा आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. इंजिन किती डुलतं ते दिसेल. तेवढी जागा जास्तीची सोडा.

६. कलेक्टर जमिनीपासून किती उंच राहतो ते पाहा. प्रमाणित स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच असतो आणि आपल्या गल्लीतले सगळे प्रमाणित नसतात! गाडीत चार माणसं बसवून मग मोजा.

## दुसरी पायरी: पाइप आणि वेल्डिंग

१.२ ते १.८ लिटरच्या जुन्या इंजिनसाठी प्रत्येक पाइप साधारण सव्वा ते दीड इंच व्यासाचा पुरतो. खूप मोठा पाइप घेतला तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमचा जोर जातो. 'मोठा पाइप म्हणजे जास्त पॉवर' हा गैरसमज आहे.

माइल्ड स्टील की एसएस? माइल्ड स्टील स्वस्त, वाकवायला आणि वेल्ड करायला सोपं, पण गंजतं. एसएस ३०४ गंजाला तोंड देतं, पण महाग असतं आणि तापल्यावर जास्त पसरतं. हिशोब करून बघा: ५० सेंटिमीटरचा पाइप ६०० अंशांनी तापला तर माइल्ड स्टील साधारण ३.६ मिमी वाढतं आणि एसएस ३०४ साधारण ५.१ मिमी. म्हणून एसएसचा हेडर दोन्ही टोकांना घट्ट बांधला की तडा जातो. कलेक्टरनंतर लवचिक बेलोज जोड द्या आणि पुढचा पाइप रबर हँगरवर लटकवा, म्हणजे सायलेन्सरचं वजन हेडरवर येणार नाही.

वळणं: तयार मँड्रेल बेंड मिळाले तर तेच घ्या, त्यात पाइप आतून चपटा होत नाही. काही कारागीर पाइपात वाळू भरून, तापवून वाकवतात. ही पद्धत चालते, पण वाळू पूर्ण कोरडी हवी. ओली वाळू बंद पाइपात तापली की वाफेच्या दाबाने टोकाचं बूच गोळीसारखं उडतं.

वेल्डिंग: आधी सगळा हेडर गाडीवरच जुळवून फक्त टाके मारा. तेव्हा बॅटरीची तार काढून ठेवा आणि पेट्रोलचा पाइप बाजूला करा. मग काढून पूर्ण वेल्ड करा. माइल्ड स्टीलला सीओटू वेल्डिंग चालतं, एसएसला आर्गन वेल्डिंगच करा. एसएस वेल्ड करताना पाइपाच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतली बाजू साखरेच्या दाण्यांसारखी खडबडीत आणि ठिसूळ होते.

पूर्ण वेल्डिंगच्या वेळी फ्लँज जाड प्लेटवर किंवा भंगारातल्या जुन्या हेडवर बोल्टने आवळून ठेवा. एकाच जागी सलग वेल्ड न करता आलटून-पालटून करा. थंड झाल्यावर सरळ पट्टी आणि फिलर गेजने तपासा. ०.२ मिमीहून जास्त फट दिसली तर मशीन शॉपमधून फेस करून घ्या. जास्त पॅकिंग घालून ही फट बुजत नाही.

इंजिन इंजेक्शनचं असेल तर ऑक्सिजन सेन्सरसाठी चुडी कलेक्टरच्या पुढे लावा, जिथे चारही सिलिंडरचा वायू येतो. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला असू द्या, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही. मोबाइलमधलं लेव्हल ॲप इथे मस्त उपयोगी पडतं.

## तिसरी पायरी: बसवणी

- जुनं पॅकिंग खरवडताना सावध राहा. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये आणि गुंडाळलेल्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते ओलं करून काढा, कोरडं घासू नका आणि मास्क लावा.
- हेडचे स्टड तपासा. चुडी खराब असेल तर आत्ताच बदला. नंतर तापलेला स्टड हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावं लागतं.
- नायलॉनवाले लॉकनट वापरू नका, नायलॉन वितळतं. पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले एक्झॉस्ट नट घ्या. चुडीवर थोडं कॉपर ग्रीस लावा.
- नट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. इंजिनच्या मॅन्युअलमधला आकडा पाळा. आकडा मिळाला नाही तर एम८ नटाला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर धरा.
- गाडी एकदा पूर्ण तापून पूर्ण थंड झाली की पुन्हा आवळा. दोन-तीन वेळा असं केलं की पॅकिंग बसतं.

गळती कशी शोधायची? थंड इंजिनवर, व्हॅक्यूम क्लीनरचं हवा बाहेर टाकणारं तोंड सायलेन्सरला लावा आणि जोडांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले की गळती. इंजिन चालू असताना 'टिक-टिक' आवाज आणि फ्लँजजवळ काळा डाग ही दोन लक्षणंही ओळखा.

गळती म्हणजे फक्त आवाजाचा प्रश्न नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. इंजिन बदलताना फायरवॉलला पाडलेली जुनी भोकं उघडी राहिली असतील तर हा वायू थेट केबिनमध्ये येतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं आहेत. सगळी भोकं रबर ग्रोमेटने बंद करा आणि शटर बंद असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन कधीच चालू ठेवू नका.

## चौथी पायरी: फिनिशिंग

दिसायला सगळे पर्याय छान असतात, पण टिकतात वेगवेगळे.

- हाय-टेंपरेचर पेंट: सगळ्यात स्वस्त. किमान ६०० अंश सहन करणारा सिलिकॉन पेंट घ्या. आधी सँडब्लास्टिंग किंवा एमरी पेपर, मग थिनरने पुसणं. त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका, बोटांच्या तेलाच्या जागी पेंट सुटतो. पातळ दोन-तीन हात मारा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवा. तापवल्याशिवाय हा पेंट पक्का होतच नाही.
- सिरॅमिक कोटिंग: महाग, पण उष्णता आत ठेवतं आणि गंजही रोखतं. पाइपाच्या आतूनही करून मिळतं का, ते विचारा.
- हीट रॅप: बोनेटखालची उष्णता कमी होते. पण पट्टी पाणी धरून ठेवते, त्यामुळे माइल्ड स्टील आतल्या आत गंजतं. ग्लास फायबरचे कण टोचतात, म्हणून हातमोजे आणि मास्क घाला. पहिल्यांदा धूर निघतो, तो नेहमीचाच.
- क्रोम: काही दिवसांत तोंडाजवळ पिवळं-निळं पडतं.
- एसएस तसंच ठेवणं: निळसर-सोनेरी रंग हा दोष नाही. तापल्यावर पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर येतो, त्याचा तो रंग. बफिंगने निघतो आणि पुन्हा येतो.

या दोन गोष्टी करू नका: साधं पावडर कोटिंग साधारण २०० अंशांच्या पुढे जळतं, ते हेडरवर टिकत नाही. आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि वेल्ड करताना त्याचा धूर फुप्फुसात गेला तर ताप भरतो.

## नागपूरचा उन्हाळा, नागपूरचा पावसाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बाहेरचीच हवा एवढी गरम, त्यात बोनेटखाली हेडर. ज्या इंजिनमध्ये कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या वरच बसतो तिथे सिग्नलवर थांबल्यावर पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी बंद पडते. याला व्हेपर लॉक म्हणतात. उपाय असे: कार्ब्युरेटर आणि हेडरच्या मध्ये ॲल्युमिनियमची शील्ड, कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटर पॅकिंग, आणि पेट्रोलची नळी हेडरपासून लांब वळवणं.

जुने रबर पाइपही बदला. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला मऊ करतं, फुगवतं. फुगलेली नळी तापलेल्या हेडरवर गळली तर आग लागायला वेळ लागत नाही. इथेनॉलला चालणारी नळी आणि चांगले क्लिप घ्या, गाडीत अग्निशामक ठेवा.

पावसाळ्यात उलटा त्रास. तापलेल्या पाइपावर चिखल-पाणी उडतं, पेंट जिथे सुटला तिथून गंज सुरू होतो. पावसाळा संपला की एकदा गाडी वर घेऊन वेल्डचे जोड, हँगर आणि कलेक्टरची खालची बाजू तपासा. रॅप असेल तर एका टोकाला थोडा उघडून आत बघा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हेडर लावल्यावर पीयूसी होईल का?
सेटिंग नीट असेल तर अडचण नसते. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. हेडर लावल्यावर मिश्रण बदलतं, म्हणून कार्ब्युरेटर पुन्हा सेट करून घ्या. गळती असेल तर बाहेरची हवा मिसळून रीडिंगही चुकतं.

मोबाइलच्या ॲपने आवाज मोजला तर चालेल?
आधी-नंतर तुलना करायला ठीक आहे. कायद्यासाठी ते माप धरलं जात नाही.

इन्शुरन्सला सांगावं लागतं का?
हो. न कळवलेला फेरफार अपघातानंतर क्लेम अडवायचं कारण ठरू शकतो. इंजिनच्या खरेदीची पावती, आरटीओची कागदं आणि कामाचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा.

कारागिराला काय विचारायचं?
तीन प्रश्न पुरे: फ्लँज किती मिमीची? वेल्डिंगनंतर फेस करून देणार का? लवचिक जोड कुठे लावणार? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर माणूस काम जाणतो.

थोडक्यात क्रम असा: आधी कागद, मग माउंटिंग, मग माप, मग टाके, मग वेल्डिंग, आणि सगळ्यात शेवटी रंग. क्रम पाळलात तर वेल्डिंगचे पैसे दोनदा द्यावे लागणार नाहीत. हेडर बसल्यावर पहिल्याच दिवशी लांब हायवेवर निघू नका. आधी घराजवळ दहा-पंधरा किलोमीटर चालवा, थंड होऊ द्या, नट आवळा, नळ्या हाताने चाचपून बघा. सगळं जागेवर असेल तर मग मोठी फेरी मारायला हरकत नाही.